टाक्यांचे हजेरीपत्रक

शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीने टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारणतः दहा ते चौदा दिवस, धावू नये, उडी मारू नये, जिना चढू नये, सोफ्यावर आरूढ होऊ नये, अंगाला पाणी लागू देऊ नये, मांजर दृष्टीस पडल्यास क्षुब्ध होऊ नये आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या पोटावरील जखम चाटू नये, असे छापील फर्मान आपल्या हाती ठेवणाऱ्या पशुवैद्याने आयुष्यात हजारो कुत्री पाहिलेली असतात याविषयी माझ्या मनात संदेह नाही. संदेह आहे तो एवढाच की, त्यांतले एक तरी त्याने भुलीच्या अमलाबाहेर असताना पाहिले आहे काय. फर्मानाच्या तळाशी सहीची जागा होती आणि ती सही आमची अपेक्षित होती, कुत्रीची नव्हे. ज्या पक्षकाराने अटी पाळायच्या त्याचाच अंगठा कागदावर घ्यावा, हा साधा दंडक भोसरीच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीपत्रके भरण्यात उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या हाडीमांसी खिळलेला असल्यामुळे, तिचा पंजा शाईत बुडवून घ्यावा अशी सूचना मी अदबीने केली. डॉक्टरांनी ती हसण्यावारी नेली आणि मी जामीनदाराच्या नात्याने सही ठोकली.

भोंगी ही मूळची चाकणची. तेथील औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात आमचे चिरंजीव नोकरीस आहेत, त्याच्या फाटकाशी ती लहानाची मोठी झाली, आणि पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की आकाशाकडे तोंड करून त्यात आपलाही सूर मिसळण्याच्या तिच्या प्रघातावरून फाटकावरच्या रखवालदारांनी तिचे हे नाव ठेवले. तिन्ही पाळ्यांच्या कामगारांचे डबे लाभल्यामुळे नगरी पिठल्यापासून बिहारी लिट्टीपर्यंत सर्व पाकशैलींचा तिचा व्यासंग दांडगा होता. पावसाळ्यातल्या एका रात्री चिरंजीवांनी तिला “पाऊस थांबेपर्यंत” म्हणून निगडी प्राधिकरणातील आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणले. पाऊस यथाकाल थांबला. परंतु तात्पुरत्या नेमणुकीवर आलेल्या इसमास जागेवरून हलवण्याचे सामर्थ्य जिथे भल्याभल्या सरकारांत नाही, तिथे ते आमच्या कुटुंबात कोठून असणार? भोंगी कायम झाली, आणि कायम झालेल्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी या रिवाजानुसार डॉक्टरांपुढे उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, नसबंदी करून घ्या. पिल्लांचा प्रश्न मिटतो तो मिटतोच, पण उतारवयात गर्भाशयात पू होऊन कुत्र्या दगावतात, तेही संकट टळते.

“त्रास होईल का हो?” सौभाग्यवतींनी काळजीने विचारले.

“तिला फारसा नाही होणार,” असे म्हणून डॉक्टरांनी आम्हां उभयतांकडे क्षणभर पाहिले. त्या दृष्टीतील अनुकंपेचा अर्थ मला पुढे यथावकाश उमगला.

शस्त्रक्रिया चाकणलाच झाली, कारण डॉक्टर तिच्या पूर्वपरिचयाचे आणि तिच्या दातांचा त्यांना पूर्वानुभव. आदल्या रात्रीपासूनच्या सक्तीच्या उपासाने ती आमच्याशी अबोला धरून होती. गर्भाशय आणि अंडाशय काढून, आत विरघळणाऱ्या धाग्याचे आणि वर नायलॉनचे टाके घालून तिला आमच्या स्वाधीन करण्यात आले तेव्हा तो अबोला भुलीच्या अमलामुळे अधिकच गहन झाला होता. “भूल पुरती उतरायच्या आत घरी पोचा,” असे डॉक्टर म्हणाले. ते गृहस्थ चाकणात व्यवसाय करीत असूनही असे म्हणाले, याचे मला आजही नवल वाटते. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्याने याच गावच्या संग्रामदुर्गापुढे शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने खोळंबून ठेवले, हे इतिहासात नमूद आहे. ते सामर्थ्य कालांतराने किल्ल्यातून निघून तळेगाव चौकात वस्तीस आले असावे. खानाने अखेर सुरुंग लावून बुरूज उडवला आणि वाट काढली. आम्हांस तो मार्ग मोकळा नव्हता. एका अंगास कांद्याच्या गोण्यांनी शिगोशीग भरलेला टेम्पो, दुसऱ्या अंगास नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन निघालेला लांबलचक ट्रेलर, आणि मधोमध आमची भाड्याची मोटार, अशी तीन वाहने तीन निरनिराळ्या दिशांना तोंडे करून कोणत्याच दिशेस न जाता उभी असताना भोंगीने डोळे उघडले आणि आपल्या नावाला जागून जो टाहो फोडला, तो ऐकून पुढच्या रिक्षावाल्याने रुग्णवाहिका आली असे समजून वाट देण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला.

“काय झालं ओ तिला?” टेम्पोवाल्याने वरून विचारले.

“ऑपरेशन.”

“मग हळद दाबा. आमच्याकडं बैलालासुद्धा हळदच.”

ट्रेलरच्या चालकाने हिंदीतून राखेचा पुरस्कार केला. मागील मोटारीतल्या बाईंनी काच खाली करून कडुनिंबाच्या पाल्याची बाजू मांडली. जखमेवर वरून काहीही लावायचे नाही, हळद नाही, राख नाही, पाला नाही, ती फक्त कोरडी ठेवायची, हे डॉक्टरांचे म्हणणे मी त्यांना सांगितले तेव्हा तिघांनीही माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की, मोशी येईपर्यंत मी मान वर केली नाही.

घरी पोचल्यावर प्रश्न उभा राहिला चाटण्याचा. कुत्र्याच्या जिभेत औषध असते अशी आपल्याकडे एक सार्वत्रिक समजूत आहे, आणि ती पसरवणाऱ्यांपैकी कोणीही स्वतःची जखम कुत्र्याकडून चाटून घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्या जिभेवर औषधापेक्षा जंतूच अधिक नांदतात, शिवाय सततच्या चाटण्याने जखम ओली राहते, टाके सैल होतात आणि उरलेले काम दात उरकतात. सबब गळ्यात प्लास्टिकची कॉलर. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारी मंडळी गळ्याभोवती जी चुणीदार चक्रे मिरवीत, त्यांच्यावरून या उपकरणाचे नामकरण झाले आहे. परंतु त्या दरबारात कोणी ते चक्र घालून टीपॉयखालून निघण्याचा यत्न केल्याचा दाखला मिळत नाही. आमच्या पिढीला ते पाहून आठवतो तो ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कुत्रा, भोंगीने मात्र तो कर्णाच गळ्यात घातला होता आणि मास्टरचा आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता. कॉलर चढताक्षणी तिने घराची मोजणी हाती घेतली. दोन्ही खोल्यांच्या चौकटी, फ्रीज, शिलाईचे यंत्र, देव्हाऱ्याची चौकी, तुळशीची कुंडी अशा एकेका मिळकतीची हद्द तिने धडक मारून कायम केली, आणि या मोजणीत माझ्या दोन्ही नडग्या सरकारजमा झाल्या.

पिंपरी-चिंचवडमध्ये घर करण्याचा एक अटळ परिणाम असा की, शेजार हमखास कारखानदारीतला मिळतो. 1960 नंतरच्या दशकात टेल्को आणि बजाज यांच्या पाठोपाठ चिंचवड-भोसरीच्या माळावर लहानमोठ्या वर्कशॉपांची जी दाटी झाली, तिने येथील दोन पिढ्यांना हाताने सुटे भाग घडवायला आणि तोंडाने दुसऱ्याच्या कामातील दोष काढायला शिकवले. भोंगीची वार्ता इमारतीत पसरताच तळमजल्यावरचे निवृत्त टूलरूमवाले गृहस्थ व्हर्नियर घेऊन वर आले.

“हे डिझाइन कुणाचं?” त्यांनी कॉलरीकडे तुच्छतेने पाहत विचारले.

“कल्पना नाही. बाजारात तयार मिळतं.”

“नाकाचं टोक आणि शेवटचा टाका, यांच्यात क्लिअरन्स किती ठेवलाय?”

“तेही ठाऊक नाही.”

“मग तुम्ही जॉब ताब्यात घेतलात कसा?”

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी भोंगीच्या मानेचा घेर, नाकाची लांबी आणि (कारण कळले नाही) शेपटीचा व्यास टिपून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी डिस्टेंपरच्या बादलीचा तळ कापून, कडेला रबराची पट्टी बसवून, रिव्हेट मारून एक सुधारित आवृत्ती सादर केली. तीत नाक टाक्यापर्यंत पोचत नव्हते हे खरे. मात्र ते ताटलीपर्यंतही पोचत नव्हते. भोंगीने एका रात्रीत त्या बादलीतून मान सोडवून घेतली, आणि सकाळी आम्हांस तीत माझी डाव्या पायाची चप्पल, टीव्हीचा रिमोट आणि अर्धे बिस्किट असा मुद्देमाल सापडला.

पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ क्वालिटीतले. त्यांच्या मते आम्ही लक्षणांवर इलाज करीत होतो.

“मूळ कारण शोधा,” ते खुर्ची ओढून बसले. “पाच वेळा ‘का’ विचारायचं. ती का चाटते?”

“खाज येते म्हणून.”

“खाज का?”

“जखम भरत आली म्हणून.”

“जखम का?”

“ऑपरेशन झालं म्हणून.”

“ऑपरेशन का?”

“पिल्लं होऊ नयेत म्हणून.”

“पिल्लं का होतात?”

पाचव्या प्रश्नाला जपानी कारखान्यांत यंत्राचा दोष हाती लागतो म्हणतात, आमच्या हाती थेट सृष्टीची उत्पत्ती लागली, आणि त्या तत्त्वचर्चेत आम्ही दोघे प्रौढ पुरुष निःशब्द बसलो असता सौभाग्यवती चहाचे कप ठेवीत म्हणाल्या, “भाऊजी, त्याचं उत्तर खाली वहिनींना विचारा.” दुसऱ्या मजल्यावर मेंटेनन्समधून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ राहतात. चालत्या यंत्राला हात लावू नये, एवढेच बोलून ते परत गेले. त्या सबंध काळात मिळालेला सर्वोत्तम सल्ला तो हाच. पण तो फुकट आणि थोडक्यात मिळाल्यामुळे आमच्यापैकी कोणीही तो मनावर घेतला नाही.

अखेर चिरंजीवांनी कॉलरीला रजा देऊन सदऱ्याचा तोडगा काढला. दर वर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो, त्या निमित्ताने कारखान्यांतून टी-शर्ट वाटले जातात, आणि ते यथावकाश घरोघरी फरशी पुसण्याच्या कामी रुजू होतात. त्यांपैकी एक उलटा चढवून, पुढचे पाय बाह्यांतून काढून, मागचा घोळ कमरेवर गाठीत आवळला, तेव्हा जखम झाकली गेली आणि भोंगीच्या पाठीवर ‘सुरक्षा प्रथम’ ही अक्षरे ठसठशीत झळकू लागली. फाटकावरच्या रखवालदाराने तिला सवयीने सलाम ठोकला. हेल्मेटविना भरधाव जाणाऱ्या एका दुचाकीस्वाराने तिला पाहून वेग कमी केल्याचे मी स्वतः पाहिले आहे. या पोशाखात वैगुण्य एकच होते: बाहेर नेल्यावर ती गाठ सोडावी लागे, आणि गाठ सुटणे व निकड भागणे या दोन घटनांचा क्रम भोंगी आपल्या मर्जीने ठरवी. टी-शर्टांचा साठा संपत आला तेव्हा चिरंजीवांनी कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे आणखी मागितले. एका कुटुंबाची सुरक्षेविषयी एवढी तळमळ पाहून तो अधिकारी सद्गदित झाल्याचे कळते.

बाहेर नेणे म्हणजे तीन मजले उतरणे. येथे एक घटनात्मक पेच होता. डॉक्टरांचा हुकूम असा की, कुत्रीने जिना चढू नये. आमच्या सोसायटीचा ठराव असा की, कुत्र्याने लिफ्टमध्ये चढू नये. या दोन सार्वभौम सत्तांच्या कैचीत सापडलेल्या तिसऱ्या मजल्यावरील रयतेने काय करावे, याचा खुलासा कोणत्याच दप्तरात नव्हता. मी सेक्रेटरींकडे रीतसर दरखास्त केली.

“अर्ज आवक नोंदवहीत घेतला,” ते म्हणाले. “रविवारच्या सभेपुढे ठेवतो.”

“पण तिला आत्ता खाली जायचंय.”

“आत्ता सभा कशी बोलावणार? सात दिवसांची नोटीस लागते.”

“तिची निकड सात दिवस थांबणारी नाही हो.”

“तर मग अर्जात ‘तातडीचे’ असं लिहायला हवं होतं. आता दुरुस्तीचा वेगळा अर्ज द्या.”

मी दुरुस्तीचा अर्ज दिला. रविवारी क्रिकेटचा सामना निघाला, गणपूर्ती झाली नाही आणि विषय तहकूब झाला. पुढच्या रविवारी एका सभासदाने हरकत घेतली की, आज कुत्रीला परवानगी दिली तर उद्या कोणी बैल आणील. दरम्यान ती अठरा किलोची देहयष्टी, टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून पोटाला स्पर्श न करता, एक हात छातीशी आणि दुसरा मांड्यांमागे घालून मी वरखाली वाहत होतो, आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक सभासद थबकून म्हणत होता, “अहो, चालवा की तिला! किती लाडावून ठेवाल?”

खाली कोपऱ्यावर, इस्त्रीवाल्याच्या टपरीजवळ, एक तपकिरी कुत्री बसलेली असते. तिच्या कानाच्या टोकाची खाच सांगते की, हीच शस्त्रक्रिया तिच्यावरही सरकारी खर्चाने होऊन गेली आहे. 2001 साली आलेल्या आणि 2023 साली नव्याने बांधलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा सारांशच हा, की पकडावे, शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोचावी आणि जिथून उचलले तिथे आणून सोडावे. तिच्या वाट्याला व्हर्नियर आला नाही, सदरा आला नाही, मूळ कारणाची मीमांसा आली नाही, आणि तरीही ती ठणठणीत होती. मी भोंगीला कडेवर घेऊन अवतीर्ण झालो की ती आम्हां दोघांना नखशिखांत न्याहाळी आणि जांभई देई. त्या जांभईत कुचेष्टा होती असे सौभाग्यवतींना वाटते. मला वाटते, ती निव्वळ आश्चर्याची होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून कोंडवाड्यात ठेवण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने काढला आणि अकरा दिवसांत दुरुस्त करून, नसबंदी व लस झालेली कुत्री, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून, आपापल्या जागी परत न्यावीत असे सांगितले, तेव्हा आमच्या सोसायटीत दोन तट पडले होते. मुंबईत 1832 साली कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध पारशी मंडळींनी दुकाने बंद करून दंगा माजवला होता. आमच्या तटांत तेवढी धमक नसल्याने त्यांनी एकमेकांच्या गाड्या लावण्याच्या जागांबद्दल तक्रारी केल्या. सुज्ञांनी ओळखले असेलच की, बैलाचा मुद्दा काढणारे सभासद त्यांतल्या एका तटाचे अध्वर्यू होते.

गोळ्यांचे खाते माझ्याकडे होते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा लहानपणी ऐकताना त्या कुत्र्याच्या भाग्याचा हेवा वाटे; आता वाटते की, त्या तुपात गोळी नाही याची खात्री त्याला आधीच कोणीतरी करून दिलेली असावी. भोंगी माझ्या हातात तूप पाहताच पळे. तिने लोणी चाटून गोळी ठेवली, पनीर गिळून गोळी ठेवली, पेढा कोरून गोळी अखंड बाहेर काढली, आणि ज्या दिवशी तिने सर्व काही गिळले असे समजून आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले, त्या दिवशी ती गोळी सोफ्याच्या फटीत आपल्या पूर्वसूरींच्या पंक्तीला जाऊन बसलेली आढळली. आणि हे घडत होते कोठे? ज्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि देशाची परदेशी औषधावरची मदार कमी झाली, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर एक कुत्री प्रतिजैविकाचा असा पाणउतारा करीत होती! दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आपली गुडघेदुखीची गोळी अर्धी देऊ केली. पण माणसांची वेदनाशामके कुत्र्यांच्या यकृताला आणि मूत्रपिंडाला विषवत असतात असे डॉक्टरांनी बजावलेले असल्यामुळे मी ती साभार परत केली. वहिनींना तो अपमान वाटला. शेवटी युक्ती सापडली ती चोरीची. गोळी भरलेला पेढा बशीत घेऊन, भोंगीकडे पाठ करून, “नाही हं, हा फक्त माझा,” असे पुटपुटत बसायचे. मग ती मागून झडप घालून पेढा लांबवी आणि पकडले जाण्याच्या भयाने न चावता गिळी. साठी उलटलेला एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पेढ्याशी हितगुज करतो आहे, हे दृश्य समोरच्या इमारतीतून स्पष्ट दिसत असे.

याच सुमारास खेडच्या आत्याबाई, म्हणजे सौभाग्यवतींच्या आत्या, पिशवीतून शेगडी घेऊन दाखल झाल्या.

“बाळंतीण कुठाय?” चपला काढता काढता त्यांनी विचारले.

“आत्या, बाळंतीण नाही हो. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलंय.”

“तेच ते. पोट फाडलं की बाळंतीणच.”

या व्याख्येपुढे आमचे काही चालले नाही. आत्याबाईंनी बाळंतशेपा काढला, ओवा काढला, जुन्या लुगड्याचा तुकडा काढून भोंगीचे कान बांधले आणि तिला खिडकीच्या झोतातून कोपऱ्यात हलवली. धुरी आणि शेक यांवर मी डॉक्टरांच्या नावाने निर्वाणीची हरकत घेतली, तेव्हा “जावईबापू, तुमच्या डॉक्टरानं किती बाळंतपणं काढलीत?” असा प्रतिप्रश्न आला, तरी शेगडी अखेर गॅलरीत नजरकैदेत गेली. डिंकाचे लाडू मात्र डबाभर होते. त्यांत मनुका होत्या, मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक, आणि अन्न टाकणे हे आत्याबाईंच्या राज्यात दंडनीय. सबब एका अव्यापारेषु प्रसूतीचा संपूर्ण पौष्टिक आहार एकट्या माझ्या पोटात गेला. विस्मयाची गोष्ट अशी की, ज्या भोंगीने डॉक्टर, इंजिनिअर, मी आणि प्लास्टिक उद्योग या सर्वांना धाब्यावर बसवले होते, ती आत्याबाईंपुढे कान बांधून घेऊन मुकाट पडून राही. “चाटलीस तर बघ,” एवढेच त्या माळ ओढता ओढता म्हणत, आणि ती चाटत नसे.

जखमेची पाहणी दिवसातून दोनदा करावी, असा हुकूम होता. मी तिची नोंदवही घातली. तारीख, पाळी, टाके, सूज, लाली, स्राव, दुर्गंधी आणि शेरा असे रकाने आखले. किंचित सूज अथवा कडेची फिकट लाली आरंभी चालते, पू, घाण वास किंवा उसवलेली कड दिसल्यास विनाविलंब डॉक्टर गाठायचा, हे नियम आतल्या पुठ्ठ्यावर उतरवून काढले. माझ्या नोंदी “टाके: सर्व हजर” अशा निःसंदिग्ध असत. सौभाग्यवती आपल्या पाळीत शेऱ्याच्या रकान्यात “भोंगी ठीक. ह्यांची चिडचिड” असे लिहीत, जे नियमबाह्य होते. एका रात्री चिरंजीवांच्या मोजणीत एक टाका गैरहजर निघाला. विजेरी, चष्मा, भिंग, पुन्हा मोजणी. बापाची बेरीज एक, लेकाची दुसरी. मी लगोलग जखमेचे छायाचित्र घेऊन डॉक्टरांना पाठवले, आणि त्या सज्जनाने अपरात्रीदेखील उत्तर दिले: “सूज किरकोळ आहे. काळजी नको.” आम्ही निर्धास्त झोपलो. सकाळी पाहतो तो, छायाचित्रात भोंगीचा मागमूस नव्हता. लुंगी सरकल्यामुळे उघडा पडलेला माझा गुडघा होता. निदान अचूक होते, ही गोष्ट मी वैद्यकशास्त्राच्या गौरवार्थ नमूद करतो. आणि टाका? चिरंजीव गाठी मोजत होते आणि मी धागे.

टाके काढायला आम्ही गुरुवारी गेलो, कारण पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी त्या वारी असल्याने रस्ता त्यातल्या त्यात माणसांत असतो. मी नोंदवही उघडून पहिले पान काढेपर्यंत डॉक्टरांनी टाके काढूनही टाकले होते.

“सुंदर भरलीये जखम,” ते म्हणाले, आणि नोंदवही त्यांनी आदराने चाळली. शेऱ्याच्या रकान्यापाशी त्यांना खोकला आला. “चला, उठा. झालं.”

मी उठलो, परंतु पूर्णपणे उठलो नाही.

“कंबर?” डॉक्टरांनी विचारले.

“अठरा किलो,” मी सांगितले.

निगडीच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी त्याच दिवशी माझ्या हाती एक छापील फर्मान ठेवले: वाकू नये, वजन उचलू नये, जिना चढू नये, पट्टा काढू नये. मंडळी नुकतीच बेकार झालेली होती. टूलरूमवाले व्हर्नियर घेऊन आले आणि पट्ट्याचे बक्कल चुकीच्या जागी बसवले आहे असे त्यांनी सिद्ध केले. क्वालिटीवाल्यांनी खुर्ची ओढून “का वाकलात?” येथून प्रारंभ केला. आत्याबाईंनी कोणाची परवानगी न घेता गॅलरीतली शेगडी आत आणली. चिरंजीवांनी नोंदवहीचे नवे पान काढून त्यावर रकाने आखले, आणि भोंगी माझ्या उशाशी बसून औषधाच्या बशीतल्या पेढ्यावर लक्ष ठेवू लागली.

संध्याकाळच्या फेरफटक्याहून परतताना खाली सेक्रेटरी भेटले. त्यांच्या हाती ठरावाची नक्कल होती. तिसऱ्या मजल्यावरील रुग्णास टाके निघेपर्यंत लिफ्टने ये-जा करण्याची विशेष बाब म्हणून मुभा मिळाली होती.

“पण टाके आजच निघाले,” मी म्हणालो.

“मग मुदत संपली. ती जिन्यानं जाईल, तुम्ही चला माझ्याबरोबर.”

भोंगी दोन दोन पायऱ्या एका झेपेत घेत वर गेली. आम्ही लिफ्टचे दार ओढले. दुसरा मजला ओलांडल्यावर एक झटका बसला, दिवा मालवला आणि लिफ्ट थांबली. सेक्रेटरींनी सगळी बटणे क्रमाने दाबून पाहिली, घंटाही दाबली. ती वाजली नाही. वरून भोंगीने सूर लावला.

“देखभालीचा ठेका संपलाय,” सेक्रेटरी काळोखात म्हणाले. “नूतनीकरणाचा विषय सभेपुढे होता.”

“मग?”

“गणपूर्ती झाली नाही.”